मुकुटबनचा बुटलेगर

“सत्तरचा माल आहे आपल्याकडे, पण जरा खरखर करते. सत्त्याहत्तरचा पाहिजे असंल तर एक नंबर! लॉस एंजेलिसचा, थेट पहिल्या हातचा. ऐंशीचा मात्र घेऊ नका बाप्पा, त्यात दम नाही राह्यला.”

मुकुटबनच्या एका पानठेल्यावर फोनवर चाललेलं हे बोलणं. खर्रा घोटणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला. दिवसच तसे होते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, ती 2021 मध्ये उठली. यवतमाळ जिल्ह्यात बंदी नव्हती. त्यामुळे वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात ‘बुटलेगर’ या शब्दाचा अर्थ शाळकरी पोरालाही विचारावा लागत नसे. फोन खिशात टाकून भाऊ अभिमानानं म्हणाले, “साडेतीनशे बुटलेग आहेत माझ्याजवळ.” ठेल्यावरचे दोघं हळूच सरकले. “भाऊ, आमच्यासाठी काढा न एखादी.” भाऊंनी इयरफोन काढला, त्याचं एक टोक एकाच्या कानात आणि दुसरं दुसऱ्याच्या कानात खुपसलं. गाणं सत्तावीस मिनिटांचं होतं. दोघंही सभ्य असल्यामुळे शेवटपर्यंत उभे राहिले.

मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातलं मोठं गाव, माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरचं स्टेशन. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, जमिनीवर पऱ्हाटी आणि सिमेंटचा कारखाना. तेलंगणाची सीमा इतकी जवळ की बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. अशा गावात इंग्लंडमध्ये 1968 साली निघालेल्या आणि 1980 साली मोडलेल्या एका बँडचा भक्त कसा निपजला, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी नागपूरची हॉस्टेलं पाहिलेली नसावीत. शिकायला गेलेली पोरं तिथून डिग्री आणतात, कधीकधी आणतही नाहीत. पण कॅसेटींचा एक खोका मात्र हमखास येतो. भाऊंचा खोका तीसेक वर्षांपूर्वी आला. आज तो त्यांच्या कृषी केंद्रात तुरीच्या बियाण्याच्या पाकिटांशेजारी असतो. पाकिटांवर मुदत संपण्याची तारीख असते, कॅसेटींवर मैफलीची. भाऊंच्या मते दुसऱ्या प्रकारच्या मालाला मुदत नसते, आणि असलीच तर ती 1973.

बँडचं नाव लेड झेपलिन. गावाच्या तोंडी ते ‘लेट झोपलीन’ झालं, कारण भाऊंच्या घरचा दिवा रात्री दोनच्या आधी मालवत नाही. यावर भाऊ चिडत नाहीत. उलट सांगतात की अमेरिकेत स्पोकेन गावी 30 डिसेंबर 1968 ला या बँडचा कार्यक्रम झाला तेव्हा जाहिरातीत ‘लेन झेफ्लिन’ छापलं होतं. त्याच मैफलीची फीत त्यांच्या हाती लागलेल्या सर्वांत जुन्या फितींपैकी एक. नाव धड न छापणाऱ्या गावाने गाणं मात्र जपून ठेवलं, हे त्यांना फार न्याय्य वाटतं.

बुटलेग म्हणजे चोरून केलेलं ध्वनिमुद्रण. बुटाच्या नळीत बाटली लपवून नेणाऱ्या अमेरिकी दारूवाल्यांवरून हा शब्द आला. म्हणजे पानठेल्यावरच्या त्या दोघांची समजूत व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. रॉकच्या जगात या धंद्याचा आरंभ साधारण 1969 च्या उन्हाळ्यात झाला. बॉब डिलनची अप्रकाशित गाणी कोऱ्या पांढऱ्या पाकिटात घालून लॉस एंजेलिसच्या दुकानांत आली. पुढे मैफलीत माइक लपवून नेणाऱ्यांची एक जमातच तयार झाली आणि तिच्यामागे झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट हात धुऊन लागला. हा देहाने डोंगर आणि स्वभावाने त्याहून अवजड माणूस. 1970 च्या बाथ महोत्सवात त्याने चोरट्या यंत्रावर बादलीभर पाणी ओतलं. 1971 मध्ये व्हँकुव्हरला त्याने असंच एक यंत्र मोडून टाकायला लावलं. मागाहून कळलं की ते आवाजाचं प्रदूषण मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं होतं. हा किस्सा भाऊ दर गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून सांगतात. ऐकू कोणालाच येत नाही.

त्यांचं खरं दैवत मात्र माइक मिलार्ड. लॉस एंजेलिसचा हा पठ्ठ्या धडधाकट असून चाकाच्या खुर्चीत बसून मैफलीला जायचा. मित्र खुर्ची ढकलायचे आणि टेपरेकॉर्डर खुर्चीत लपवलेला असायचा. 21 जून 1977 ची त्याची फीत आजही या पंथात प्रमाणग्रंथ मानली जाते. त्याआधी 1975 च्या अपघातानंतर खुद्द गायक रॉबर्ट प्लँटला काही महिने चाकाच्या खुर्चीत काढावे लागले होते आणि एक अख्खी ध्वनिमुद्रिका त्याने तशीच गायली. एक खुर्ची खरी, एक खोटी, आणि दोन्हीतून गाणं बाहेर आलं. असं काही सांगताना भाऊंचे डोळे भरून येतात. गिऱ्हाईक युरियाच्या पोत्यावर बसून वाट पाहत असतं.

आता मुख्य आजार. हा माणूस गाणं ऐकत नाही, तुलना करतो. एखादं गाणं सुरू झालं आणि कोणी मान डोलावली, की भाऊंचा हात वर जातो: “थांबा. एकोणसत्तरचं ऐका आधी.” एकोणसत्तरचं ऐकून होतं, मग त्र्याहत्तरचं, मग पंचाहत्तरचं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणं बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर जेमतेम साडेसहा मिनिटांचं आहे. रंगमंचावर ते दरवर्षी वाढत गेलं. 1973 च्या न्यूयॉर्कच्या मैफलींतून निघालेल्या अधिकृत संचात सत्तावीस मिनिटं, आणि 1975 च्या दौऱ्यात काही रात्री चाळिशीच्या पुढे. मधे जिमी पेज व्हायोलिनचा गज घेऊन गिटार घासत बसतो. भाऊंच्या सौभाग्यवतींना बँडच्या इतिहासात रस नाही, पण कालगणना त्यांना पक्की कळते. एकोणसत्तरच्या प्रतीत फक्त वरणाचा कुकर होतो. त्र्याहत्तरच्यात वरण, भात आणि भाजी होते. पंचाहत्तरची लागली की त्या पोळ्यासुद्धा लाटून घेतात आणि गज थांबला की ताटं मांडतात.

भाऊंचा सिद्धांत असा: आधीचं ते सोनं, नंतरचा तो मुलामा. विशीतला प्लँट वरच्या सुरात किंचाळायचा तेव्हा काचा तडकायच्या. 1973 नंतर त्या जागा तो टाळू लागला किंवा खालून घेऊ लागला. हे काही अगदी खोटं नाही, कान असलेल्या कोणालाही ते जाणवतं. 7 जुलै 1980 ची बर्लिनची शेवटची मैफल तर भाऊ सुतकात ऐकावी तशी ऐकतात. त्यानंतर 25 सप्टेंबरला ढोलवादक जॉन बॉनहॅम गेला आणि डिसेंबरात बँडने दुकान बंद केलं. पण बर्लिनच्या त्याच फितीत कमी दिखाऊ आणि जास्त मोकळा असा एक बँड वाजतो, असं जर कोणी म्हणालं तर त्याला चहा मिळत नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हा सिद्धांत एका वाक्यात गिळला. “म्हणजे बीटीसारखंच झालं म्हणा न.” देशात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं बोंडअळी दिसेना, माणसं खुश होती. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने त्याच बीटीचं पानिपत केलं. आधीचं बियाणं चांगलं, नंतरचं वाईट? का बियाणं तेच आणि अळी शिकली? कृषी केंद्राच्या मालकाला हा प्रश्न अवघड जायला नको होता. भाऊंनी मात्र त्यावर एकाहत्तरची एक प्रत लावली.

हा रोग एकट्या रॉकवाल्यांना झालाय असं समजू नये. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात चार आसनं सोडून एक गृहस्थ बसलेले असतात. समोरच्या गाण्यावर त्यांचा एकच अभिप्राय असतो: “अण्णांचं त्या वर्षीचं ऐकायला हवं होतंत.” कुमार गंधर्वांच्या चाहत्यांत तर सरळ दोन गोट आहेत. क्षयाने काही वर्षं गाणं बंद पडण्यापूर्वीचे कुमार आणि देवासला पुन्हा उभे राहिलेले कुमार. लहानपणीच्या तबकड्यांतल्या चपळाईवर भाळलेला माणूस निर्गुणी भजनांना ‘फुप्फुसाची तडजोड’ म्हणतो. दुसरा गोट तबकड्यांना ‘हुशार पोराची नक्कल’ म्हणतो. फरक इतकाच की पुण्यातल्या संग्राहकाची फीत खासगी मैफलीतली असते म्हणून तिला ‘दुर्मीळ’ म्हणतात, आणि भाऊंची फीत अमेरिकेतली असते म्हणून तिला ‘चोरीची’.

भाऊंच्या साम्राज्याला खरा तडा गेला तो पेटीमुळे. भजनमंडळाची पेटी पावसाच्या दिवसांत त्यांच्या दुकानात ठेवतात, कारण तिथे पाणी गळत नाही. एका संध्याकाळी पेटीमास्तर ती न्यायला आले. आत एकोणसत्तरची प्रत चालू होती आणि भाऊ एका मुख्याध्यापकांना समजावत होते: “वेग पाहा सर! तरणं रक्त! पंधरा मिनिटांत अख्खं गाणं संपवलं पोट्ट्यांनी.” पेटीमास्तरांनी झाकण उघडलं, भाता हलवला आणि एक पट्टी दाबली. मग दुसरी दाबली. 

“हे गाणं कोणत्या सुरात आहे म्हणता?”

“पांढरी तीन. जगाला माहीत आहे.”

“तुमचं हे पांढरी चारमध्ये चाललंय.”

दुकानात शांतता झाली. भाऊंनी आधी पेटीवर संशय घेतला. ही मुकुटबनात अजून कोणी न केलेली हिंमत होती. मग मोबाइलवर सूर मोजायचं ॲप काढलं. पेटी खरी निघाली. पंचाहत्तरची प्रत लावली, ती बिनचूक पांढरी तीनमध्ये. पुन्हा एकोणसत्तरची लावली, पुन्हा पांढरी चार.

“सेल उतरले असतील भरणाऱ्याचे,” पेटीमास्तर थंडपणे म्हणाले. “आमच्या पोळ्याच्या झडत्यांच्या कॅसेटचं असंच झालं होतं. सेल उतरले की फीत हळू पळते. मग चांगल्या मशीनवर लावली की सगळे बुढे चिमण्यांसारखे बोलतात.”

हिशेब सोपा होता. अर्धा सूर वर म्हणजे वेग सुमारे सहा टक्क्यांनी जास्त. पंधरा मिनिटांचं ते गाणं प्रत्यक्षात जवळजवळ सोळा मिनिटांचं. काचा तडकवणारा तो वरचा सूरही प्लँटने लावला होता त्याहून अर्ध्याने वरचा, आणि तेवढ्यापुरतं श्रेय अमेरिकेतल्या कुठल्यातरी टेपरेकॉर्डरच्या दमलेल्या सेलांना. जगभरचे बुटलेगवाले अशा प्रतींचा वेग दुरुस्त करत बसतात हे भाऊंना माहीत होतं. पण दुरुस्ती नेहमी दुसऱ्याच्या प्रतीला लागते, अशी त्यांची समजूत होती. त्या रात्री घरचा दिवा साडेनऊला मालवला. गावात दोघातिघांनी प्रकृतीची चौकशी केली.

याआधी असा धक्का त्यांना एकदाच बसला होता. पेज आणि प्लँट 1972 मध्ये मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाण्यांच्या वेगळ्या प्रती केल्या. त्या कित्येक वर्षं चोरून फिरत राहिल्या. भाऊंकडे त्यांची पाचव्या हातची, पावसात भिजलेल्या रेडिओसारखी वाजणारी फीत होती. आपल्या राज्यात झालेलं बुटलेग म्हणून ती ते देव्हाऱ्यात नसली तरी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवत. 2015 मध्ये बँडने त्या प्रती अधिकृत संचात, स्वच्छ आवाजात काढल्या. सतार, तबला सगळं नीट ऐकू येतं. भाऊंनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “खरखर नाही. मजा गेली.”

पेटीच्या प्रकरणानंतर त्यांनी सिद्धांत सोडला असं कोणी समजू नये. सिद्धांत आहे तिथेच आहे, फक्त कॅसेटींवर तारखेशेजारी आता बॉलपेनने पट्टीही लिहिलेली दिसते: ‘पां. 3’, ‘पां. 4’, एका ठिकाणी ‘का. 3, सोडून द्या’. भजनमंडळाचं 2011 चं काकड्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आणि यंदाचं, अशी एक तुलनाही त्यांनी मंडळासमोर करून दाखवली. मोबाइलला सेल उतरण्याचा दोष लावता येत नाही. पट्टी दोन्हीकडे काळी चार. पहिल्यातलं भजन सव्वासहा मिनिटांत आटोपलेलं, यंदाचं नऊ मिनिटं. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पेटीमास्तर म्हणाले, “यंदा चाल नीट कळून राह्यली.” भाऊंनी हे ऐकलं, वहीत लिहिलं आणि नेहमीप्रमाणे अमान्य केलं.

तर वाचकांपैकी कोणाकडे बर्लिनच्या 7 जुलै 1980 ची बरी प्रत असेल, तर तिचा सूर आधी तपासून घ्यावा आणि मग मुकुटबन स्टेशनवर उतरावं. बाजारात कृषी केंद्राची चौकशी करावी. बुटलेगर कुठे राहतो असं मात्र विचारू नये. त्या पत्त्यावर दुसरेच लोक भेटतात.