पाय एक, नंबर तीन

पूर्वी दुकानदार पायावर एक नजर टाकायचा आणि माळ्यावरच्या पोऱ्याला नंबर ओरडून सांगायचा. आता मोबाइल विचारतो: यूके ८, यूएस ९ की युरो ४२? पाय तोच, पासपोर्ट तीन! त्यात ब्रिटिश नंबर जवाच्या दाण्यावर बेतलेला: इंचाला ३ दाणे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरला एक नंबर. साहेब गेला, जव राहिले. आमचे ८ नंबरचे स्नीकर आले ते करंगळीशी भांडत. ९ चे मागवले, तर टाच आत फुगडी घालू लागली. शेवटी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाय आखला, तर उजवा डाव्यापेक्षा मोठा! तेव्हा वाचकहो, संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना, मोजे घालून मोठा पाय सेंटिमीटरमध्ये मोजा. नंबरावर विश्वास ठेवू नका, पट्टीवर ठेवा.