लेकराचा कलात्मक फोटो: साहित्य आणि कृती

'जालना, सोने का पालना' ही म्हण इथल्या व्यापारउदिमावरून पडली म्हणतात. हल्ली मात्र ती शब्दशः खरी होऊ लागली आहे. परतूरच्या रस्त्याने एखादी गाडी टपावर सोनेरी रंगाचा पाळणा बांधून आष्टीत शिरली, की समजावं: कुणाच्या तरी घरी लेकरू झालंय आणि फोटोग्राफर निघालाय. अशा घरांच्या सोयीसाठी पुढील मार्गदर्शन.

मुहूर्त. नवजात बाळाचे फोटो पाचव्या ते चौदाव्या दिवसात काढावेत, असं फोटोग्राफरचं शास्त्र सांगतं. त्या दिवसांत लेकरू गाढ झोपतं आणि पोटातल्या सवयीने अंगाची जुडी करून राहतं. पुढे हातपाय झाडायला लागलं की जुडी सुटली. अडचण एवढीच, की आजीच्या शास्त्रानेही हेच दिवस आधीपासून अडवून ठेवलेले असतात. पाचवीला सटवाई, दहा दिवस सोयर, बाराव्याला बारसं आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. म्हणून तडजोड करावी: लेकरू स्टुडिओत जाणार नाही, स्टुडिओ लेकराकडे येईल. पाचवीची रात्र तेवढी टाळावी. कपाळावर नशीब लिहिताना सटवाईच्या डोळ्यांवर फ्लॅश पडला आणि एखादा काना-मात्रा चुकला, तर तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही.

साहित्य. फोटोग्राफरच्या बॅगेतून काय काय निघतं ते नीट बघावं. अंगाभोवती गुंडाळायचं मऊ कापड निघतं, त्याला रॅप म्हणतात. घरात होतं तोवर ते दुपटं होतं. लोकरीची टोपी निघते, ती कुंचीची शहरात शिकलेली बहीण. वेताची टोपली निघते. ती भाड्याची असल्यामुळे तिला दुरडी म्हणू नये, फोटोग्राफरला वाईट वाटतं. शेवटी पावसासारखा आवाज करणारं एक यंत्र निघतं. त्याने लेकरू शांत झोपतं. हा आवाज आपल्याला तोंडानेही काढता येतो, असं आजी म्हणेल, पण तिला आवरावं. तिच्या 'शूऽऽ शूऽऽ'ला लेकरं पिढ्यान्‌पिढ्या वेगळाच प्रतिसाद देत आली आहेत आणि रॅप पांढराशुभ्र असतो.

खोली उबदार हवी, २७-२८ अंशांच्या आसपास. मे महिन्यात आष्टीत ही अट सकाळी चहाच्या आधीच पुरी होते.

कृती. आधी पोटभर पाजावं, ढेकर काढावा, मग निजवावं. त्यानंतर फोटोग्राफर सर्वांत नावाजलेल्या आसनाकडे वळतो: बेडकासारखे पाय मुडपलेले, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकलेली, जणू यंदाच्या सोयाबीनच्या भावाचाच विचार चाललाय. हा फोटो बघून एखादे हौशी काका घरीच मोबाइलवर प्रयोग करायला सरसावतात. त्यांना वेळीच सांगावं, की तो एक फोटो नसतो, दोन असतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग कॉम्प्युटरवर ते दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकतात. त्या मानेला स्वतःचं डोकं पेलत नाही, तिथे काकांची कल्पना कुठून पेलणार?

विषय. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या फोटोग्राफर अ‍ॅन गेडिस यांनी १९९६ साली 'डाउन इन द गार्डन' या पुस्तकात बाळांना फुलांमध्ये आणि भाज्यांमध्ये बसवलं. तेव्हापासून जगभर लेकरं कुंडीत उगवू लागली. आपण कोबी विकत आणायची गरज नाही. दर महिन्याच्या फोटोत लेकराशेजारी आकडा मांडतात, तो शेतातल्या मालाचा मांडावा: दोनचा मोसंब्यांनी, तीनचा तुरीच्या शेंगांनी. ढगांचा देखावा तर फुकटच. भाव वाढेल म्हणून घरात थप्पी लावलेला कापूस असतोच, त्यावर निजवावं. कापसाला भाव मिळो न मिळो, लाइक मिळतात. मात्र साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून वर दुपटं अंथरावं. (इथे दुपटं म्हटलं तरी चालेल.)

आमच्या वेळी विषय एकच होता. मागे रंगवलेला पडदा, कंबरेला करदोटा, बाकी काही नाही, आणि लेकरू पालथं. तो फोटो पंचवीस वर्षं भिंतीवर निमूट राही आणि मुलीकडची मंडळी आली, की नेमकी त्याच्यावरची धूळ पुसली जाई.

दृष्ट. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं म्हणणाऱ्या आज्या आता स्वतःच स्टेटस ठेवतात. तरी गालावर तीट लावायची राहत नाही. ती का लावली, हे फोटोग्राफरला आधीच समजावून सांगावं. आमच्या माहितीतल्या एका घरी त्याने ती डाग समजून पुसली. आजीने मग मीठ-मोहरी अल्बमवरूनच ओवाळून टाकली.

हात. आता शेवटची आणि महत्त्वाची सूचना. एकोणिसाव्या शतकात फोटो उमटायला कित्येक सेकंद लागत आणि तेवढा वेळ लेकराने हलायचं नसे. युरोपात तेव्हा आईला खुर्चीसारखी चादरीखाली झाकत आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवत. फोटोत बाळ दिसे, आई फर्निचर होई. आपल्याकडे, आष्टी निजामाच्या राज्यात होती त्या काळात, राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांचे फोटो काढायला खास जनाना स्टुडिओ उघडला होता. म्हणजे बाईला फोटोत आणायला तेव्हा वेगळा स्टुडिओ बांधावा लागला. आता तिला फोटोतून काढायला एक बटण पुरतं.

शूटच्या वेळी फोटोग्राफर म्हणेल, "आजी, तुमचा हात दिसतोय."

आजी म्हणेल, "मग मान कोण धरणार रे बाबा, तुझा कॅमेरा?"

त्या घटकेला त्याने एक फोटो घेतलेला असतो. त्यात लेकरू अर्धवट जागं असतं, रॅप सुटलेला असतो, आणि मानेखाली गोंदलेल्या मनगटाचा, नखांत हळद राहिलेला एक हात असतो. अल्बममध्ये तो येणार नाही. तो मागून घ्यावा. कच्चा माल म्हणून फोटोग्राफर त्याचे पैसे लावत नाही.