निर्देशांक साहेब, एकदा अंथुर्ण्याला या

प्रति,
मा. हवा गुणवत्ता निर्देशांक साहेब,
मुक्काम पुणे शहर.

विषय : गळीत हंगामात आमच्या गावी पायधूळ झाडणेबाबत.

महोदय,

आपली नेमणूक एप्रिल २०१५ मधली. शून्य ते पाचशे एवढा आपला पल्ला. आपण हिरवे असलात की पुणेकर पर्वती चढतो, लाल झालात की पेपरात पहिल्या पानावर येता. पाषाणच्या हवामान संस्थेने तर त्याआधीच, २०१३ पासून, पुण्यात यंत्रे मांडली होती. कात्रजला, हडपसरला, भोसरीला कोणाच्या नाकात काय गेले, याची आपल्याला तासातासाला खबर असते.

आमच्या अंथुर्ण्यात यंत्र नाही. त्यामुळे आमची हवा सरकारदरबारी अगदी शुद्ध आहे. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यात आता सव्वाशेहून अधिक शहरे आहेत, पुणेही आहे. त्या यादीत यायचे तर आधी हवा मोजून ती नापास व्हावी लागते. आम्हाला परीक्षेलाच बसवले नाही, तर नापास होणार कसे? मोबाइलवर गावाचे नाव टाकले तर आकडा उमटतो खरा, पण तो कुठल्या तरी लांबच्या यंत्राचा, नाहीतर नुसता अंदाज.

आमच्या या शुद्धतेची कीर्ती आपल्या शहरात पोचलेली आहे. दिवाळी झाली की पुण्याचे पाहुणे येतात. खिशात इन्हेलर, तोंडाला मास्क. डॉक्टरांनी हवापालट सांगितलेला असतो. आम्ही अंगणात बाज टाकून देतो. पहाटे घरोघर बंब पेटतात. बंबाला काहीही चालते : चिपाडे, तुराट्या, आणि हल्ली कॅरिबॅगसुद्धा. गॅस घरात आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. आंघोळीचे पाणी आणि भाकरी सरपणावरच. मग उजाडते आणि कारखान्याचे धुराडे दिसू लागते. वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसते. रात्री कोणाच्या तरी फडात पाचट पेटते. थंडीत धूर वर जात नाही, ओढ्याच्या कडेने पसरून राहतो. तिसऱ्या दिवशी पाहुणे म्हणतात, इथली थंडी बाधली.

साहेब, धूलिकणांबद्दल आपल्याला मी काय सांगावे! अडीच मायक्रॉनचा कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढाही नाही. नाकातले केस त्याला अडवू शकत नाहीत. तो थेट वायुकोशात जातो, तिथून रक्तात उतरतो, म्हणून हवा खराब झाली की छातीबरोबर हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे रुग्णही वाढतात. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. तो कण स्वारगेटच्या डिझेलमधून आला की आमच्या पाचटातून, फुप्फुसाच्या दारात त्याच्याकडे कोणी रहिवासी दाखला मागत नाही.

पुण्याच्याच डॉ. संदीप साळवी यांनी सहकाऱ्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटी, पण सरपण-शेणीचा धूर घेणारे तीनशे कोटी. आमच्या आज्यांनी उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही आणि देवळाची पायरी चढताना त्या तीनदा थांबतात. गावात त्याला ‘वयोमान’ म्हणतात. २०१९ मध्ये देशात प्रदूषित हवेपायी १६.७ लाख माणसे गेली, असा अंदाज पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातली सहा लाखांहून अधिक घरातल्या धुराने.

आणि ऊसतोडीला येणारी कोयत्याची जोडपी राहिलीच. बीडकडून येतात, माळावर कोप्या घालतात. पहाटे तीनला कोपीतच चूल पेटते, पोर त्याच धुरात निजलेले. तोडणी सोपी व्हावी म्हणून कधी उभा फड पेटवला जातो, मग दिवसभर राखेत कोयता चालतो, तोंडाला ओढणी किंवा पटका. ही माणसे ना पुण्याच्या आकड्यात, ना आमच्या. जळीत उसाला कारखाना दरात कपात करतो. धुरापोटी मात्र आजवर कोणाची एक पै कापलेली ऐकिवात नाही.

एक शंका आहे, राग मानू नका. सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटना चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सांगते. आपण ६० पर्यंत ‘समाधानकारक’ म्हणता. समाधान नेमके कोणाचे होते?

तेव्हा विनंती एवढीच : एक हंगाम काढा आमच्याकडे. कारखान्याची मोळी पडताना या, गाळप संपून पट्टा पडला की जा. तुकोबांच्या पालखीच्या रस्त्यावरच गाव आहे, चुकायचे नाही. शाळेचे छप्पर मोकळे आहे, मास्तरांना विचारलेले आहे. वीज रात्रीअपरात्री जाते, तेवढे बॅटरीचे बघून या. आकडा किती का वाईट येईना, कोणी रुसणार नाही. पाचट कुजवले तर रान सुधारते हे शेतकऱ्याला कळते, पण कुट्टीच्या यंत्राचे भाडे आणि मजुरी त्याला परवडली पाहिजे. त्याचे अनुदान मागायला, कोप्यांवर गॅस मागायला, धुराड्याची तपासणी मागायला तालुक्याला जावे तर पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? आमचा खोकला पुराव्यात धरत नाहीत. तेवढा एक शिक्क्याचा कागद आपल्या हातून मिळावा.

आपला कृपाभिलाषी,
बिनआकड्याच्या हवेतला एक ग्रामस्थ,
अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे.