हाती धुपाटणे

इराकयुद्ध तेलासाठी नव्हतेच, म्हणतात. एप्रिल 2003मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना अमेरिकी सैनिक तेलमंत्रालयाची राखण करत होते, ते बहुधा सावलीसाठी! पुनर्बांधणीचा खर्च इराकी तेलातून निघेल, असे अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षण उपमंत्री पॉल वोल्फोवित्झ सांगत होते. प्रत्यक्षात लाखाहून अधिक इराकी जीव आणि अमेरिकेचे शेकडो अब्ज डॉलर गेले. तेलाच्या पिंपाचा तिशीतला भाव जुलै 2008मध्ये 147 डॉलरवर पोचला.

पुरवठा तरी सुरक्षित झाला ना, असे कोणी विचारील. झाला की, चीनचा! 2009च्या लिलावात इराकचे रुमैला तेलक्षेत्र ब्रिटिश कंपनीबरोबर चिनी कंपनीने घेतले, पुढे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही चीनच ठरले. सद्दामच्या काळात अमेरिका हेच तेल रोख मोजून घेत होती. तोच सौदा स्वस्तातला होता.