मेव्हण्याला आधी विचारा

लखनौच्या अलीगंजात, कपूरथला कॉम्प्लेक्समध्ये सहारा समूहाचं मुख्यालय. ठेवी आल्या गावोगावच्या पानटपऱ्यांवरून, रोजच्या दहा-वीस रुपयांच्या. सर्वांत बडी मालमत्ता मात्र आपल्या मुळशीत. अँबी व्हॅली.

31 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: गुंतवणूकदारांचे सुमारे 24,000 कोटी व्याजासकट परत करा. सेबीची जप्ती आली फेब्रुवारी 2013 मध्ये. मालमत्ता विकायला न्यायालयाची सरसकट मनाई आली नोव्हेंबरमध्ये. कुठल्याही कर्जदाराला हातपाय हलवायला एवढा वेळ कमी पडतो का?

एप्रिल 2025 मध्ये ईडीने अँबी व्हॅलीतल्या 707 एकरांवर टाच आणली. आरोप असा, की समूहाच्या पैशांनी ही जमीन भलत्यांच्याच नावावर घेतली गेली. तो सिद्ध व्हायचाय.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाला तेव्हा बारा वर्षं उलटून गेली होती.

कायदा नाही असं कुणी सांगू नये. 1882 पासून मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 आहे. धनकोंना बुडवायला किंवा लटकवायला केलेला व्यवहार रद्द होऊ शकतो. ‘होऊ शकतो’, आपोआप होत नाही. दावा धनकोनेच लावायचा.

मनातला हेतू न्यायाधीशाला दिसणार कसा? कागदावरून. 1601 च्या इंग्लंडमधला ट्वाइन खटला आजही वाचण्यासारखा आहे. पिअर्स नावाच्या कर्जदाराने सगळी चीजवस्तू एकाच धनकोच्या नावे गुपचूप करून दिली. मेंढ्या मात्र त्याच्याच ताब्यात. लोकर तोच कातरायचा, खुणाही तोच करायचा. दस्तात वर लिहिलेलं, की हा व्यवहार प्रामाणिकपणे केला आहे.

चोराच्या मनात चांदणं!

न्यायालयं अजून त्याच खुणा शोधतात. बक्षीसपत्र बायकोच्या नावे आहे का? खरेदीखत मेव्हण्याच्या नावे, तेही पडेल भावात? दाव्याची नोटीस आली त्याच आठवड्यात नोंदणी झाली का? आणि घर ‘विकून’ स्वारी त्याच घरात राहतेय का?

गावातल्या कुणालाही हे एका नजरेत कळतं. कोर्टात सिद्ध करायला ठेवीदाराची उमर जाते.

प्रामाणिक खरेदीदाराला कायदा सांभाळतो, आणि ते योग्यच आहे. पूर्ण किंमत मोजून, काही ठाऊक नसताना घर घेणाऱ्याने का भोगावं? पण दहा धनकोंपैकी एका खऱ्या धनकोलाच सगळं देऊन टाकलं तर? प्रिव्ही कौन्सिलने 1915 मध्येच सांगितलं, ही कलम 53 ची फसवणूक नव्हे. बाकीचे नऊ बसले बोंबलत. दिवाळखोरी संहितेने कंपन्यांपुरती ही फट थोडी बुजवली: जवळच्यांना असं झुकतं माप दिलं असेल, तर मागची दोन वर्षं उकरता येतात.

महाराष्ट्राकडे याहून धारदार हत्यार आहे. ठेवीदारांच्या रक्षणाच्या 1999 च्या कायद्यातलं कलम 8. संस्थेची मालमत्ता अपुरी पडली आणि काही माल सद्‌हेतूने, मोबदल्यात गेलेला नाही असं मानायला सबळ कारण असलं, की न्यायालय घेणाऱ्यालाच नोटीस काढतं. समाधानकारक उत्तर नसेल, तर तेवढ्या किमतीची त्याची स्वतःची मालमत्ता जप्त!

मग पतपेढी बुडाल्यावर संचालकांच्या सोयऱ्यांचे सातबारे पहिल्याच आठवड्यात का मागवत नाहीत? दस्त नोंदणी कार्यालयात तारखेनिशी पडलेले असतात. उघडायचे फक्त.

जुलै 2023 मध्ये सहाराच्या सहकारी संस्थांतल्या ठेवीदारांसाठी परताव्याचं पोर्टल सुरू झालं. पहिला हप्ता जास्तीत जास्त 10,000 रुपये. तोही ठेवीच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या असतील, तर.