वाटीभर हवा

मेव्हणीला पोलादपूरला मुलगी झाली, सौ. मदतीला माहेरी गेली, इथवर सगळं उत्तम होतं. मग तिचा फोन आला की, "अहो, डिंकाच्या लाडवांचं सामान महाडच्या बाजारातून आणा, किसून-कुटून एसटीनं पाठवा, पाकाचं आम्ही बघू." प्रमाण सासूबाईंचं, म्हणजे वाटीचं: किसलेलं सुकं खोबरं चार वाट्या, बदाम दोन, बेदाणे एक, डिंक एक. दुकानदार देणार किलोत, आणि आमचा काटा जुलै 2021 च्या पुरात गाळाखाली गेला तो गेलाच.

सासूबाईंना वजन विचारलं, तर त्या थेट मापट्यावर गेल्या. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली! शेर म्हणजे 80 तोळे, साधारण 933 ग्रॅम, हे मी घाईघाईनं शोधून ऐकवलं, तर म्हणाल्या, "तो वजनाचा शेर, जावईबापू. मी मापाचा सांगतेय." दशमान वजनांचा कायदा 1956 चा. त्या स्वयंपाकघरात तो अजून पोचायचाय.

मग मी शास्त्राकडे वळलो. औषधाच्या टोपणानं मोजून वाटी पाण्यानं भरली, 200 मिलिलिटर बसलं. पाण्याचा मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, म्हणून वाटी म्हणजे 200 ग्रॅम, म्हणून चार वाट्या खोबरं म्हणजे 800 ग्रॅम, असा हिशेब लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मांडून उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या. पाण्याचे लाडू वळायचे असते तर उत्तर बिनचूक होतं.

किसायला बसलो. चार वाट्या भरल्या तेव्हा निम्मंसुद्धा खोबरं संपलं नव्हतं, मग परात भरली, पातेलं भरलं, पुरणयंत्राचा डबा भरला, बोटाचं सालपट निघालं, आणि शेजारच्या काकू दारातून डोकावून "मंगलकार्य आहे का?" विचारून गेल्या. किसलेल्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त हवाच असते हो! वाटीभर कीस जेमतेम 70 ग्रॅम भरतो. बेदाणे एकमेकांना चिकटून बसतात, ते सव्वाशेच्या आसपास. बदामही साधारण तेवढेच. मी सगळ्यांना सरसकट 200 च्या रांगेत उभं केलं होतं. शाळेत जन्मभर घनता शिकवली.

डिंकानं उलटा सूड घेतला. तो तुपात फुलतो, वजन फारसं न बदलता आकारमान कितीतरी वाढतं, म्हणून वाटी मोजायची ती कच्च्या डिंकाची. मी थोडा तळला, फुललेल्यानं वाटी काठोकाठ भरली, आणि पुडीतला बाकीचा डिंक "वाचला" म्हणून कौतुकानं मागे ठेवला.

सामान पोलादपूरला पोचलं. सासूबाईंनी खोबऱ्याची पिशवी एका हातात आणि डिंकाची पुडी दुसऱ्या हातात धरली म्हणे, काटा नाही, माप नाही, नुसती उचलून पाहिली, आणि सौ.ला म्हणाल्या, "यांच्या शाळेतली मुलं पास कशी होतात गं?"

आमच्या घरी सध्या किसलेलं खोबरं भरपूर आहे आणि ते फार दिवस ठेवलं तर खवट होतं. महाडला आलात तर डबा घेऊन या. किती हवं ते वाटीत सांगा. किलोचं मला विचारू नका.