एस-टेन काका

सर्व्हर रूमच्या आसपास असा एक गृहस्थ असतोच. पुण्यातल्या एका कंपनीत पोरं त्यांना माघारी ‘एस-टेन काका’ म्हणतात.

जुन्या रेड हॅट लिनक्समध्ये कोणती सेवा कधी उठणार हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असे. एस१० नेटवर्क, एस१३ पोर्टमॅप, एस६० एनएफएस, एस८५ वेबसर्व्हर. लहान आकडा आधी. पोर्टमॅपच्या आधी एनएफएस उठवलं की बोंब. काकांनी हे वीस वर्षं सांभाळलं आणि मग सगळ्या जगाला नंबर वाटत सुटले.

एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याने मीठ-लिंबाच्या आधीच वरणभात आणला. काका कडाडले, “अहो, मीठ एस-झिरो-वन! तुम्ही थेट एस-ट्वेंटी?” वाढप्याला त्यातलं ‘येस’ तेवढं कळलं. त्याने आणखी एक मूद ठेवली.

गणपतीत दुसऱ्याच आरतीनंतर कुणीतरी मंत्रपुष्पांजलीला हात घातला, तेव्हा तर टाळ थांबवून ‘ती एस-नाइन्टी-नाइन आहे’ हे सोसायटीला समजावण्यात आलं. काकू घरी भांडणसुद्धा नंबर घेऊन करतात म्हणे.

२०१० मध्ये सेवा उठवायची नवी प्रणाली, सिस्टमडी, आली. २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ त्यावर गेलं, पुढच्या वर्षी डेबियन ८. नंबर गेले, जमेल तितक्या सेवा एकदमच उठू लागल्या. “वऱ्हाड दारात कोंबल्यासारखं!” म्हणत काकांनी सुतक पाळलं. मात्र त्या सुतकात सिस्टमडीचं मॅन्युअल अथपासून इतिपर्यंत वाचलं ते त्यांनीच. हे कबूल करायला पोरांना जड जातं.

एका रात्री वीज जाऊन आली आणि डेटाबेस उठेना. हाताने चालू केला की मुकाट चालायचा. पोरांनी तीस सेकंदांचा ‘स्लीप’ टाकून पाहिला. कधी पुरला, कधी नाही. शेवटी काकांना फोन.

“सर, ‘आफ्टर’मध्ये नेटवर्क टार्गेट लिहिलंय की!”

“अरे, त्याचा अर्थ मांडव घातलाय. नवरदेव आलाय असा नाही. आयपी मिळायच्या आत तुमचा डेटाबेस त्या पत्त्यावर बसायला जातो. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लाव. आणि ‘आफ्टर’ नुसता क्रम लावतं, आमंत्रण करत नाही. त्याला ‘वॉन्ट्स’ची ओळ वेगळी. तो स्लीप काढ आधी! नवरदेव पोचला का न बघता अक्षता टाकताय.”

दोन ओळी बदलल्या. पुढच्या रीबूटला डेटाबेस निमूट उठला.

जुन्या पद्धतीत बंद करायचेही नंबर असत, बहुधा शंभरातून वजा करून. एस१० नेटवर्क बंद होताना के९०. आधी उठणाऱ्याने मागाहून जायचं. काका सकाळी पोरांच्या आधी येत, दिवे मालवून जात.

निवृत्तीच्या दिवशी भाषणांच्या आधीच समोसे आले. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. एकाने मुद्दाम विचारलंही, “सर, समोशाचा नंबर?”

काकांनी समोसा उचलला. “गार होतील रे,” म्हणाले.